मधमाशीवरचा खटला

अमेरिकेत लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या माणसाने लेखणी हाती धरली की काही प्रसंग हटकून येतात. नायगारा येतो, पानगळीचे रंग येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला परसदारी टांगलेली लाल बुडाची बाटलीही येऊ लागली आहे. बाटलीत साखरपाणी असते. त्यावर हमिंगबर्ड येतो, हवेतल्या हवेत स्थिर राहतो, चोच घालतो, निमिषार्धात नाहीसा होतो आणि लेखक धन्य होतो. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तो पक्षी पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याने लिहिण्याच्या फंदात पडू नये. परंतु पुढच्याच परिच्छेदात त्या बाटलीवर मधमाश्या उतरतात आणि लेखकाची भाषा एकाएकी फौजदारी वळणावर जाते. मधमाशी 'लुटारू' होते, 'आगंतुक' होते, 'फुकटी' होते. ज्या प्राण्याच्या उद्योगाचे गोडवे आपण शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून गात आलो, त्याच्यावर एका बाटलीपायी एवढे आरोप व्हावेत, हे नवलच म्हणायचे.

आपल्या त्रैमासिकाच्या गेल्या अंकातील लेख याच घाटाचा होता. लेखकाचे नाव येथे घेत नाही, कारण वाद व्यक्तीशी नाही, आणि त्यांचे गद्य मला मनापासून आवडते. मात्र त्या लेखाच्या अखेरीस एक सूचना होती. मंडळाच्या आवारातही अशा बाटल्या टांगाव्यात, त्यांचा खर्च परदेशस्थ सभासद आनंदाने उचलतील, आणि मधमाश्यांचा उपद्रव टळावा म्हणून आवारातील पिंपळावरचे आग्यामोहोळ 'एकदाचे काढून टाकावे', अशी ती सूचना. लेख वाचून बाजूला ठेवता येतो, सूचना मात्र कार्यकारिणीपुढे जाते. इंदुरातल्या एका पिंपळाचा निकाल न्यू जर्सीतल्या एका परसात पाहिलेल्या दृश्यावरून लागणार असेल, तर त्या परसात प्रत्यक्षात काय घडते हे आधी नीट पाहणे भाग आहे.

प्रथम पक्ष्याविषयी. हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांचा रहिवासी. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील एकही आशियात, आफ्रिकेत किंवा युरोपात रानात आढळत नाही. न्यू जर्सीत, किंबहुना अमेरिकेच्या सगळ्या पूर्व भागात, वीण घालणारी जात एकच, माणकासारख्या लाल गळ्याची. वजन सुमारे तीन ग्रॅम. एवढासा जीव हिवाळ्यापूर्वी मध्य अमेरिकेकडे निघतो आणि त्यातले कित्येक मेक्सिकोचे आखात न थांबता ओलांडतात. उडताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जाऊ शकतात. थंड रात्री तो देहाची धग जवळजवळ विझवून निपचित पडून राहतो, कारण रात्रभर ती धग जपण्याइतके इंधन त्याच्याजवळ नसते. अशा प्राण्याला साखरेची किती निकड असेल, हे सांगायला नको. बाटली टांगणाऱ्याच्या मनात करुणा असते आणि तिला आधारही असतो. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण त्या करुणेला एक गोंडस चित्र चिकटलेले असते: नाजूक, निरागस पक्षी आणि त्याच्यावर तुटून पडणारी माश्यांची झुंड. या चित्रातला पक्षी खरा नाही. हमिंगबर्ड हा पक्षिजगतातल्या अत्यंत भांडखोर प्राण्यांपैकी एक आहे. एकटा नर एखादी बाटली ताब्यात घेतो, जवळच्या फांदीवर पहारा देतो आणि स्वजातीयांना चोचीने, पंखांनी, अंगावर झेप घेऊन पिटाळून लावतो. ज्यांनी या पक्ष्यांबरोबर हजारो वर्षे काढली त्यांना हे ठाऊक होते. अझ्टेकांच्या युद्धदेवतेच्या, हुइत्झिलोपोच्त्लीच्या, नावातच हमिंगबर्ड आहे. पक्ष्याने पक्ष्याला हाकलले की आपले लेखक त्याला 'खेळकर पाठलाग' म्हणतात, आणि माशी नुसती छिद्रावर येऊन बसली तरी तो दरोडा ठरतो.

आता माशी. ती त्या बाटलीवर का येते, याचे उत्तर बाटलीतच आहे. त्या पक्ष्यांना आवडणाऱ्या फुलांच्या मधुरसात साखरेचे प्रमाण साधारण वीस ते पंचवीस टक्के असते. म्हणून एक भाग साखर आणि चार भाग पाणी ही कृती सर्वत्र सांगितली जाते, आणि ती योग्यच आहे. मधमाशीला याहून दाट रस लागतो. तिची आवडती फुले तीस-चाळीस टक्के किंवा त्याहूनही दाट रस देतात. भरल्या हंगामात, रानात फुले असताना, ती या पातळ साखरपाण्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. पण उन्हाळा सरत आला, फुलांचा बहर ओसरला आणि गवत वाळू लागले की पोळ्यात टंचाई सुरू होते. त्या वेळी पोळ्यातली संख्या काही हजारांत नव्हे, चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. टंचाईत माणसाच्या ताटातल्या आवडीनिवडी गळून पडतात तशाच माशीच्याही पडतात. एखादी माशी बाटली हेरते, पोळ्यात परतते आणि नाचून दिशा व अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हीच नाचाची भाषा उलगडली आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तासाभरात बाटली माश्यांनी काळी होते. नेमक्या त्याच दिवसांत त्या वर्षीची पिल्ले आणि स्थलांतराला निघालेले पक्षीही बाटलीवर गर्दी करतात. ही गाठ दुष्काळाने घातलेली आहे. तिला आक्रमण म्हणणाऱ्याने आधी दिनदर्शिका पाहावी.

याच फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले होते की मधमाशीला रंग दिसतात, पण लाल दिसत नाही. पिवळा आणि निळा मात्र उत्तम दिसतो. आता बाजारात मिळणारी बाटली हातात घेऊन पाहा. बूड लाल, आणि त्या लाल बुडावर शोभेसाठी लावलेली छोटी प्लॅस्टिकची फुले पुष्कळदा पिवळी! म्हणजे ज्या रंगाची पाटी माशीला वाचताच येत नाही त्या भिंतीवर, तिला सहज वाचता येईल अशा रंगात, दार कोठे आहे हे लिहून ठेवायचे, आणि मग ती दाराशी आली म्हणून ओरडायचे. उलटी टांगलेली बाटली उन्हात तापली की आतली हवा प्रसरण पावते आणि साखरपाणी बाहेर गळू लागते. ठिबकलेला एकेक थेंब हे माशीसाठी, गांधीलमाशीसाठी आणि मुंगीसाठी स्वतंत्र आमंत्रण असते.

ज्यांना भांडण खरोखर मिटवायचे आहे त्यांच्यासाठी उपाय अगदी साधे आहेत आणि ते सर्वज्ञात आहेत. बाटलीऐवजी बशीच्या आकाराचा फीडर घ्यावा. त्यात रसाची पातळी छिद्रापासून खाली राहते. पक्ष्याची लांब जीभ तेथे पोहोचते, माशीची सहा-सात मिलिमीटरची सोंड पोहोचत नाही. रस थोडा पातळ करावा, चारऐवजी पाच भाग पाणी घालावे. पक्ष्याला ते चालते, माशीचे मन उडते. पिवळी फुले काढून टाकावीत, फीडर सावलीत हलवावा. तरीही गर्दी हटली नाही तर एक-दोन दिवस तो उतरवून ठेवावा. छिद्राभोवती तेल किंवा व्हॅसलिन फासण्याचा सल्ला काही जण देतात; तो पक्ष्याच्याच मुळावर येतो, कारण पिसांना तेलकटपणा लागला की तीन ग्रॅमच्या उडणाऱ्या देहाची काय गत होणार? फवाऱ्याचे तर नावच नको. या सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखीच आहे: प्रत्येक ठिकाणी बदल माणसाने करायचा आहे. माशीने काय करावे अशी अपेक्षा आहे? तिने पाटी वाचून परत जावे?

'पण मधमाशी अमेरिकेत मुळात परकी आहे', हा गेल्या अंकातल्या लेखाचा सगळ्यांत भक्कम मुद्दा, आणि तो खरा आहे. पाश्चात्य मधमाशी युरोपीय वसाहतवाल्यांनी १६२२ मध्ये व्हर्जिनियात नेली. टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरील आपल्या टिपणांत नोंदवले आहे की मूळ रहिवासी तिला गोऱ्या माणसाची माशी म्हणत, आणि ती दिसू लागली की गोरे लोक जवळ आले असे समजत. परकेपणाचा हा दाखला मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की तो दाखला कोण पुढे करीत आहे. ज्यांनी तिला जहाजात घालून नेले, जे आजही दर फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांसाठी लाखो पेट्या ट्रकांवर लादून खंडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात, त्यांच्याच परसात ती अकस्मात घुसखोर ठरते. २००६-०७ च्या हिवाळ्यात पोळीच्या पोळी ओस पडू लागली तेव्हा अवघ्या देशात तिच्यासाठी हळहळ व्यक्त झाली. बागेला उपयोगी पडते तेव्हा ती राष्ट्राची संपत्ती, आणि बाटलीवर बसते तेव्हा परदेशी. आणि तो दाखला घेऊन साता समुद्रांपलीकडून गेलेला, सहा महिन्यांच्या व्हिसावरचा आपला मराठी पाहुणाही तिला आगंतुक म्हणतो, तेव्हा हसावे की काय करावे कळत नाही.

शिवाय परकीय माशीवरचा राग देशी माशीवर निघतो. उत्तर अमेरिकेत मेक्सिकोच्या उत्तरेला माश्यांच्या सुमारे ४००० देशी जाती आहेत. बहुतेक एकट्या राहतात, जमिनीत किंवा वाळक्या काटक्यांत घर करतात, आणि त्यांचे नावही बाटली टांगणाऱ्याला ठाऊक नसते. त्यांतल्या एका भुंग्यासारख्या केसाळ माशीला २०१७ मध्ये तेथील शासनाला संकटग्रस्त म्हणून जाहीर करावे लागले. फवारा मारणाऱ्या हाताला परकी कोण आणि देशी कोण हे कळत नाही. आणि त्याच फवाऱ्याने मरतात ती चिलटे, ते बारीक कोळी, हेच हमिंगबर्डच्या पिल्लांचे अन्न. साखर म्हणजे नुसते सरपण; पिल्लाचा देह घडतो तो किड्यांवर. घरटे बांधायलाही त्या पक्ष्याला कोळ्याचे जाळे लागते. पक्ष्याचा कैवार घेऊन किडे मारणारा माणूस पक्ष्याच्या ताटातले अर्धे अन्न पळवतो, आणि वर माशीला चोर म्हणतो.

चोरीचा हा शब्दच मला तपासून पाहावासा वाटतो. फुलाच्या बाबतीत एक व्यवहार असतो: रस घ्यायचा, पराग न्यायचे. तो व्यवहार टाळून फुलाच्या बुडाशी भोक पाडून रस पिणाऱ्यांना वनस्पतिशास्त्रात रसचोर म्हणतात. त्या यादीत आपला काळा भुंगा आहे, आपला शिंजीर आहे, आणि काही हमिंगबर्डही आहेत. पण बाटलीत पराग नाहीत, बी नाही, फळ नाही. तिथे व्यवहारच नाही, तर चोरी कशाची? पक्षी आणि माशी दोघेही सारख्याच नात्याने फुकट खात असतात. त्यांतल्या एकाला अतिथी आणि दुसऱ्याला दरोडेखोर ठरवणारा निकष शेवटी एकच उरतो: एकाचे छायाचित्र चांगले येते.

माणसाने उघडी साखर ठेवायची आणि माशीने त्याचे परिणाम भोगायचे, ही कथा अमेरिकेपुरती नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या पोळ्यांत लालभडक मध सापडला. माश्या चेरी मुरवणाऱ्या एका कारखान्यातला रंगीत पाक नेत होत्या. २०१२ मध्ये फ्रान्सच्या रिबोव्हिले गावी मध निळा आणि हिरवा निघाला, कारण जवळच्या एका प्रकल्पात रंगीत चॉकलेटगोळ्यांच्या कारखान्याचा टाकाऊ माल उघड्यावर पडून होता. दोन्ही ठिकाणी वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातमी छापली. मधपाळांचे मात्र नुकसान झाले, कारण तो मध विकता येईना. आणि आपल्या देशात २०११ मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले ते गमतीचे नव्हते. कॉफीच्या दुकानांबाहेर फेकलेल्या कागदी पेल्यांच्या तळाशी उरलेल्या गोडाच्या ओढीने मधमाश्या आत शिरत आणि तेथेच मरत. फुले सोडून पेल्यांकडे वळलेल्या त्या माश्या पुन्हा पोळ्यात पोहोचत नव्हत्या. पेला उचलून कचऱ्याच्या झाकणबंद डब्यात टाकायला एक क्षण लागतो. तेवढे न करणाऱ्याला आपण काय म्हणतो? ग्राहक म्हणतो.

याउलट आपल्या गावातला हलवाई पाहा. जिलब्यांच्या परातीवर माश्या घोंगावतात, तो त्यांच्याशी भांडत नाही. परातीवर जाळीचे कापड टाकतो, एखादी चुकार माशी बोटाने अलगद बाजूला करतो आणि तोलून देतो. उघड्यावर साखर मांडली की माशी येणारच, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. धंदा त्याचा, झाकण्याची जबाबदारीही त्याची. आपल्या विद्वान प्रवासवर्णनकारांनी ही एवढी समज त्या दुकानासमोर उभे राहून घेतली असती, तर आजचा हा लेख लिहावा लागला नसता.

आता मूळ सूचनेकडे येतो: या बाटल्या इंदुरात टांगाव्यात. कोणासाठी? आपल्याकडे हमिंगबर्ड नाही. नाही म्हणजे नाहीच. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून 'आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड' अशा मथळ्याखाली जे छायाचित्र येते, ते एक तर शिंजिराचे असते नाहीतर फुलासमोर भिरभिरणाऱ्या एखाद्या पतंगाचे. शिंजीर, ज्याला आपण सूर्यपक्षीही म्हणतो, हा हमिंगबर्डचा चुलतभाऊसुद्धा नव्हे. दोघांची कुळे निराळी, खंड निराळे. दोघांना फुलाच्या नळीतला रस हवा म्हणून चोची लांब झाल्या इतकेच. हमिंगबर्ड अधांतरी पितो. शिंजीर फांदीवर बसून, वाकून, कधी उलटा लोंबकळून पितो, आणि तसाच प्रसंग आला तर क्षणभर पंख फडफडवत हवेत थांबतो. विणीच्या दिवसांत जांभळ्या शिंजिराचा नर उन्हात वळला की काळ्याचा निळा आणि निळ्याचा जांभळा होतो. ज्याला स्वतःचे असे नाव आहे त्याला परक्याच्या नावाने हाक मारायची, ही सवय आपल्यासारख्या भाषेच्या नावाने जमणाऱ्या मंडळींनी तरी मोडायला हवी. मारुती चितमपल्ली यांनी आपल्या 'पक्षिकोशा'साठी रानोमाळ हिंडून पाखरांची नावे गोळा केली. त्या कोशाची एक प्रत मंडळाच्या कपाटात असावी, आणि नसल्यास फीडरच्या आधी ती घ्यावी. हमिंगबर्डला गुंजनपक्षी असा सुबक प्रतिशब्द आहे. तो अमेरिकेतल्या पक्ष्यासाठी खुशाल वापरावा. शिंजिराला मात्र शिंजीरच म्हणू या. मालव्यातल्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी माणसांना घरातल्या शब्दाची किंमत वेगळी सांगायला हवी असे मला वाटत नाही.

शिंजिराला बाटलीची गरज आहे का, हा पुढचा प्रश्न. माघ-फाल्गुनात मालव्याचे माळ पळसाने पेटलेले असतात. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाच्या प्रजननाचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या फुलांवर येणाऱ्या अनेक पाहुण्यांत जांभळा शिंजीर हा खरा कामाचा परागवाहक ठरला. शिंजीर चोच घालतो आणि पळसाला शेंग धरते, असा हा सौदा आहे. या पक्ष्याला बाटलीची चटक लावली तर त्या सौद्याचे काय होते? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या उपनगरांलगतच्या झुडपी रानात सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाण्याचे फीडर लावून पाहणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की फीडर असताना जवळच्या रानातले सूर्यपक्षी कमी झाले आणि फुलांना होणाऱ्या त्यांच्या भेटीही घटल्या. एका अभ्यासावरून जगाचा नियम बांधू नये. पण ज्या पक्ष्याच्या कुळातला आपला शिंजीर आहे त्याच कुळाविषयीचा हा पुरावा आहे, आणि बाटली टांगण्यापूर्वी तो विचारात घ्यायला हवा. अमेरिकेतही बाटलीचा परिणाम आता पक्ष्याच्या अंगावर उमटलेला दिसतो. कॅलिफोर्नियातील ॲनाज् हमिंगबर्ड या जातीच्या चोची फीडरांच्या प्रसारासोबत लांब आणि निमुळत्या होत गेल्या, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हाच पक्षी परसातल्या फीडरांच्या आणि बागांतील परदेशी झाडांच्या आधाराने उत्तरेकडे पार कॅनडापर्यंत सरकला आहे. हे चांगले की वाईट, यावर तज्ज्ञांनी बोलावे. पण 'आपण फक्त थोडे साखरपाणी ठेवतो, बाकी काही बदलत नाही', हे म्हणणे मात्र आता कोणालाच शोभणार नाही.

एक आक्षेप राहतो आणि तो प्रामाणिक आहे. शहरात फुले उरली नाहीत, सिमेंट उरले. मग पक्ष्याने काय करावे? अमेरिकेत पाच कोटींहून अधिक लोक घराभोवती पक्ष्यांना खाऊ घालतात, त्यांतल्या बहुतेकांचे अंतःकरण याच प्रश्नाने हललेले असते, आणि कडाक्याच्या थंडीत एखाद्या पाखराला तिथली बाटली खरोखर तारतही असेल. तेथल्या परसात ती बाटली राहावी की जावी, हे तेथल्या लोकांनी ठरवावे. ठेवली तर तीन दिवसांच्या आत धुवावी, कारण उन्हात साखरपाणी आंबते. मात्र इंदूर म्हणजे अलास्का नव्हे. आपल्याकडे बाराही महिने काही ना काही फुलते, फक्त ते लावायला जागा आणि इच्छा हवी. बाटली ही त्या इच्छेची पळवाट आहे. खड्डा खणायला नको, दोन वर्षे वाट पाहायला नको, खिळ्याला टांगली की झाले.

आणि बाटली टांगली की काय होईल, हे मी आजच सांगू शकतो. चैत्र-वैशाखात पळस ओसरला की आग्या माश्या, फुलोरी माश्या, सगळ्या त्या बाटलीवर येतील. पाश्चात्य माशीपेक्षा आग्या मोठी, तिचा राग मोठा, आणि तिचे पोळे उघड्यावर. वाचनालयात येणाऱ्या मुलांच्या आया घाबरतील, आणि त्यांचे घाबरणे चूक म्हणता येणार नाही. मग कोणी तरी 'पेस्ट कंट्रोल'वाल्याला फोन करील. तो रात्री येईल, पिंपळाखाली उभा राहून औषध मारील आणि सकाळी झाडू मारणाऱ्या बाईला टोपलीभर मेलेल्या माश्या गोळा कराव्या लागतील. शहरातल्या एका निवासी संकुलात दोन वर्षांपूर्वी हे घडलेले मी पाहिले आहे. तेथे बाटलीही नव्हती, पोळे तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली होते एवढाच गुन्हा. त्या रात्री मेलेल्या माश्यांनी एकालाही डंख केलेला नव्हता. पिंपळावरचे आग्यामोहोळ तर जमिनीपासून चाळीस फुटांवर आहे, आणि आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे आपण होऊन स्थलांतर करतात, हे आदिवासी मध काढणाऱ्यांपासून कृषी महाविद्यालयांपर्यंत सर्वांना माहीत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पाऊस सुरू होईपर्यंत थांबावे. पोळे रिकामे झालेले दिसण्याचा संभव मोठा आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी उलट सूचना अशी आहे. परदेशस्थ सभासदांचे पैसे कृतज्ञतेने स्वीकारावेत आणि त्यांतून झाडे आणावीत. मागच्या भिंतीलगत अडुळसा आणि धायटी लावावी, कोपऱ्यात एक पांगारा, फाटकापाशी जास्वंद. ज्यांना अमेरिकेची आठवण हवीच आहे त्यांच्यासाठी हॅमेलियाची दोन झुडपे घ्यावीत. ती मूळची तिकडचीच, तिकडे त्यांवर हमिंगबर्ड येतात, इकडे शिंजीर येतो. अडुळशाला शिंजीर आणि मधमाशी दोघेही येतात आणि दोघांनाही त्या फुलात पुरेसे मिळते. खड्डे मृगाच्या आधी खणून ठेवावे लागतील. फावडी मंडळाच्या माळ्याकडे आहेत, शेणखताची व्यवस्था मी करीन. पिंपळाला कोणी हात लावू नये. आणि पुढच्या अंकात गेल्या लेखातील 'हमिंगबर्ड' या शब्दाची दुरुस्ती संपादकांनी छापावी, कारण लेखासोबत दिलेले दुसरे छायाचित्र न्यू जर्सीतले नसून आपल्याच आवारातल्या जास्वंदीवरचे आहे आणि त्यात दिसतो तो जांभळा शिंजीर, नर, विणीच्या रंगात.